उपटलेली तूर

आमच्या घरात शेत बाबांचं आणि बांध आईचा, अशी वाटणी होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. तलासरीच्या कचेरीत मी बावीस वर्षं सातबारेच बघते आहे, त्यात बांध कुणाच्या बायकोचा हे लिहायला रकानाच नसतो. पण आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत होतं. खाचरातल्या भाताचं बाबांनी बघायचं. बांधावर काय लावायचं, कधी तोडायचं, कुणाच्या घरी किती धाडायचं, हे आईनं ठरवायचं. बाबांनी त्यात कधी तोंड घातलं नाही. आपल्याच बांधावरची शेंग खायची झाली तरी ते विचारून तोडायचे. आणि आईही भातात पाणी जास्त झालंय हे दिसत असलं तरी बाबा विचारेपर्यंत गप्प बसायची. मग त्यांनी विचारलं की मात्र तासभर बोलायची.

बाबा गेल्यावर खाचरं चुलतभावाकडे कसायला गेली. बांध आईनं कुणालाच दिला नाही.

बांधावर तिची तूर असायची. बारीक लाल दाणा, शेंगेवर जांभळ्या रेघा, आणि एका शेंगेत चारच दाणे. बाजारात त्या शेंगेला कुणी हात लावला नसता. हे बियाणं तिला सासूकडून मिळालं होतं. दरवर्षी पुढच्या पेरणीपुरतं ती राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि पावसाळा लागला की बांधावर टोकायची. गावात आधी सगळ्यांकडेच ही तूर होती म्हणतात. मग दुकानातलं मोठ्या दाण्याचं बी आलं आणि एकेका घरातून ती संपली. आमच्याकडे राहिली, कारण आई हट्टी. माझा त्या तुरीशी संबंध म्हणाल तर आमटीपुरता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आईला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तिला डहाणूला, मसोलीत आमच्याकडे आणलं. मिस्टर रेल्वेत आहेत, त्यांच्या पाळ्या बदलत राहतात, त्यामुळे घरात कुणी ना कुणी असतंच. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, व्यायाम सांगितले आणि दाराशी मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना टेन्शन अजिबात द्यायचं नाही. मी ते वाक्य मनात असं घट्ट धरलं की बाकीच्या सूचना कागदावर वाचाव्या लागल्या.

चार दिवसांनी आईला जरा शब्द जुळवता यायला लागले. तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बांध आता तुझा."

मी हो म्हटलं. आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? मला खरं तर तुरीचं झाड आणि बांधावरचं रान यातला फरक लांबून कळत नव्हता. पण तूर पेरून झालेली होती, गुडघ्याएवढी वर आली होती, आणि शेत माझ्या ऑफिसच्या वाटेवर होतं. डहाणूहून तलासरीला जाताना मधेच उतरायचं, बांधावर एक चक्कर मारायची, पुढची बस किंवा जीप धरायची. गावातल्या घरी गाय होती आणि तिचं बघणारी काकी होती. ती पाड्यावरून येते, आमच्याकडे तिला तीस वर्षं झाली. म्हटलं, झाडं काय, उभी आहेत तशी उभी राहतील.

संध्याकाळी घरी आले की आई गॅलरीतल्या खुर्चीतून विचारायची, "तूर कशी आहे?" मी चप्पल काढायच्या आत विचारायची. मी सांगायचे, छान आहे. तेव्हा ती खरंच छान होती.

दिवाळी झाली आणि विहिरीजवळच्या एका झाडाची एक फांदी पिवळी पडली. एकच, तीही एकाच बाजूची. दुसऱ्या बाजूला हिरवी पानं, फुलं, कोवळ्या शेंगा, सगळं जागच्या जागी. मला वाटलं पाणी कमी पडलं असेल, पण माती ओली होती. दोन दिवसांनी त्या बाजूची पानं लोंबायला लागली. पुढची जीप निघून गेली तरी मी बांधावर उभीच राहिले, कारण अर्ध्या हिरव्या आणि अर्ध्या मेलेल्या अशाच एका देहाला मी रोज सकाळी अंघोळ घालत होते. मी शहाणी बाई आहे, शकुनबिकुन मानत नाही. तरी त्या दिवशी ऑफिसात मी दोन अर्जांवर चुकीचे शिक्के मारले.

आठवड्यात ते झाड संपलं आणि त्याच्या शेजारची दोन माना टाकून बसली. मी एक उपटलं. सहज हातात आलं. काकीनं कोयत्यानं खोड उभं चिरून दाखवलं, तर सालीखाली बुंध्यापासून वर काळपट रेघ गेलेली. मी त्याचा फोटो काढून शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. मर रोग आहे म्हणाला, बुरशीचा. बुरशी मातीत राहते, मुळातून शिरते, पाणी वर न्यायच्या नळ्याच बंद करून टाकते. आजारी झाडाला औषध नाही. आता जी चांगली आहेत ती वाचवायची. मी म्हटलं, फवारणी? तो म्हणाला, ताई, फवारून काय होणार, दुखणं जमिनीखाली आहे.

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, तूर कशी आहे, आणि मी म्हटलं, छान. चप्पल काढताना मान खाली असते, त्यामुळे सोपं गेलं.

मिस्टर म्हणाले, सांगून टाक, त्यांचीच तूर आहे. मी त्यांच्यावर उखडले. झटका यायला आणखी काय लागतं? डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुम्हाला काय, तुम्ही ड्यूटीवर जाल. ते डबा उचलून ड्यूटीवर गेले. आमच्याकडे वाद असे मिटतात, आणि मी जिंकले की मला दोन दिवस बरं वाटत नाही.

एकदा खोटं बोललं की त्याची सरबराई करावी लागते. आमच्या गावातल्या बायका डहाणूला बाजाराला आल्या की मसोलीला आईला बघायला यायच्या, आणि आल्या की गावातलं सगळं सांगायच्या. कुणाची गाय व्याली, कुणाच्या वाडीत चिकू गळला. आता बांधावर मेलेली झाडं उभी राहिली तर ती बातमी माझ्याआधी घरी पोहोचणार. म्हणून झाड पिवळं पडलं रे पडलं की मी उपटायला लावायचे. काकी उपटायची. पहिल्याच खेपेला तिनं विचारलं, "ताई, ही झाडां राबाला ठेवू?"

राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी उन्हाळ्यात जमिनीवर पालापाचोळा, काटक्या, शेण रचून जाळतात तो. त्यासाठी आमच्याकडे दिवाळीपासूनच काय काय गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात. म्हणजे सुकलेल्या तुरीचा ढीग उन्हाळ्यापर्यंत आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, नको, उकिरड्यात टाक, वर शेण ओढ, खत होईल. काकी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भारा उचलला आणि गोठ्यामागं गेली. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. झाड दिसत नाही आणि वायाही जात नाही.

त्या हिवाळ्यात मी काय काय केलं ते आठवलं तर आता हसू येतं, तेव्हा मुळीच येत नव्हतं. मोबाईलवर एकानं आंबट ताक ओतायला सांगितलं होतं. मी दोन कॅन ताक एसटीतून नेलं, एकाचं झाकण सैल, आणि घोलवडला उतरणाऱ्या एका बाईची पिशवी भिजली. तिनं मला जे ऐकवलं ते रास्तच होतं. दुसऱ्यानं गोमूत्र सांगितलं. तिसऱ्यानं हळद. एकाच बांधावर मी तिन्ही ओतलं, त्यामुळे कशानं काय होतं हे कळायला मार्गच नव्हता. झाडं आपली एकेक करून जात राहिली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्याकडे काड्याच काड्या होत्या आणि त्याही सुकलेल्या.

पौषात शेंगा भरल्या. आईला दरवर्षी पहिल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून लागायच्या. विहिरीकडच्या दोन्ही बांधांवर काही उरलं नव्हतं. मधल्या आणि ओढ्याकडच्या बांधावर झाडं चांगली होती, पण ती मी बियाण्यासाठी राखली होती, तिथली एक शेंगही तोडायचं धाडस होईना. मग मी डहाणूच्या बाजारात गेले. "तुवेर लो बेन, ताजी छे," म्हणत एक गुजराती बाई बसली होती. तिच्याकडच्या शेंगा हिरव्यागार, टपोऱ्या. त्यातल्या त्यात बारीक निवडून आणल्या, उकडल्या आणि आईपुढं ताटली ठेवली. तिनं डाव्या हातानं एक शेंग उचलली, अंगठ्यानं उघडली, दाणे तळहातावर घेतले. बराच वेळ बघत होती. मग एकेक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाली, "भरल्यात छान."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. सुटले, असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी मी सगळं पुस्तकाप्रमाणं करायचं ठरवलं. शेतकी खात्यातल्या त्या माणसानं सायवनला एका शेतीशाळेला बोलावलं, तिथं मी सुट्टी टाकून गेले. ट्रायकोडर्माचं नाव मी तिथं पहिल्यांदा नीट ऐकलं. ही चांगली बुरशी, वाईट बुरशीला खाणारी. ती बियाण्याला चोळायची आणि कुजलेल्या शेणखतात वाढवून मातीत द्यायची. जोडीला निंबोळी पेंड. तलासरीच्या दुकानदारानं पुडा देताना बजावलं, "बेन, आ जीवतो माल आहे. तडक्यात, उन्हात ठेवू नका, मरून जाईल." मी तो पुडा ऑफिसात टेबलाच्या खालच्या खणात ठेवला आणि दिवसातून तीनदा हात लावून गार आहे ना बघितलं. आमच्या कचेरीत जिवंत असं तेवढंच होतं, असं माझी शेजारीण म्हणायची.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही उकिरडा उपसला. आंब्याच्या सावलीत शेणखताचा ढीग घातला, पाणी शिंपडून ओला केला, त्यात पावडर मिसळली आणि वर ओली गोणपाटं टाकली. तीन-चार दिवसांनी ढीग वरखाली करायचा, पुन्हा झाकायचं. दुसऱ्या आठवड्यात गोणपाट उचललं तर आत पांढरं तंतूंचं जाळं, मधेमधे हिरवट. मी काकीला हाक मारून दाखवलं. नंतर मसोलीला जाताना जीपमध्ये एकटीच हसत होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी तशातली गत, मी तर पुढच्या पौषात कुणाकुणाला शेंगा धाडायच्या ते मनात ठरवून मोकळी झाले.

पाऊस पडला. बियाणं गुळाच्या पाण्यात ओलं करून पावडर चोळली, सावलीत सुकवलं. विहिरीकडच्या बांधांवर खत घातलं, मधल्या बांधावर घातलं, पेंड घातली, तूर टोकली. ओढ्याकडचा बांध राहिला. पाटी डोक्यावर घेऊन तिथपर्यंत चिखलातून जायचं, माझी सुट्टी संपलेली, काकीच्या गुडघ्यांत दुखत होतं. तिथं नुसतं बी टोकलं आणि मनातल्या मनात त्या बांधाची माफी मागितली. सगळ्यांना औषध आणि हाच एक उपाशी राहिला.

दिवाळीनंतर विहिरीकडची झाडं पुन्हा जायला लागली. ते मी धरून चाललं होतं, एका वर्षात मातीतली बुरशी जात नाही हे मला सांगितलेलं होतं. पण मग मधला बांध गेला. मधल्या बांधावर आदल्या वर्षी एकही झाड मेलं नव्हतं. पंधरा दिवसांत तिथं अशी अवकळा आली की मी बस मधेच थांबवून उतरणं बंद केलं. नुसतं खिडकीतून बघायचे. मग तेही नको म्हणून दुसऱ्या बाजूला बसायला लागले. शेतकी खात्यातल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, ताई, प्रमाण बरोबर होतं, सगळं बरोबर होतं, मला समजत नाही. माणूस प्रामाणिक होता. पण तुम्ही औषध दिलं आणि दुखणं पसरलं, हे त्याच्या समजण्यापलीकडचं असेल तर माझ्या किती?

मला झोप लागेना. हे लिहायला सोपं आहे, पण मला खरंच भीती वाटत होती. मडक्यात मूठभर दाणे उरलेले, ओढ्याकडच्या बांधावर अकरा झाडं. ती गेली की आईची तूर जगातून गेली, आणि ती माझ्या हातून गेली. आणि हे सगळं त्या गॅलरीतल्या खुर्चीपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. रोज संध्याकाळी तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. काही काही दिवस मला आईचा राग यायचा. म्हातारीला दुसरं काही विचारायला सुचत नाही का, असं मनात यायचं आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

तोवर आई काठी घेऊन चालायला लागली होती. संक्रांतीच्या आधी एका रविवारी सकाळी मी उठून बघते तर ती नेसून, केस विंचरून, पायांत चपला घालून बसलेली. म्हणाली, बांधावर जाऊया. मी थंडीचं सांगितलं, रस्ता खोदलाय म्हणून सांगितलं, ह्यांची ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. ह्यांनी आतून येऊन आपली आज सुट्टी आहे असं सांगितलं. अशा वेळी नवरा कामाला येतो.

गाडीत मी काय बोलायचं ते ठरवत होते. नुकताच रोग आला, मागच्या आठवड्यात आला, असं काहीतरी. आंब्याखाली खुर्ची ठेवली, आई बसली. समोर मधला बांध. सगळा उघडा, मधेच दोन-तीन काटक्या उभ्या. ती बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहरा वाकडा होतोय का, हात कापतोय का. काहीच झालं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, "उपटलेली कुठंयत?"

मी म्हटलं, उकिरड्यात.

"मागच्या वर्षीची?"

तीही उकिरड्यात.

"आणि खत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती काही पुढं बोलायच्या आधी, आंब्याखाली उभ्या उभ्या. मी विहिरीकडचा रोग उपटून उकिरड्यात पुरला होता. तोच उकिरडा उपसून, त्यात चांगली बुरशी मिसळून, पाट्या भरभरून मधल्या बांधावर नेऊन टाकला होता. त्या औषधाचा काय दोष? एका वाटीभर पावडरीनं वर्षभराच्या मढ्यांशी किती लढायचं? आणि जो बांध मी उपाशी ठेवला होता, तोच तेवढा जगला होता.

काकी गोठ्याच्या दाराशी उभी होती. आईनं तिच्याकडे बघितलं. काकी म्हणाली, "मी इचारलं होतं, राबाला ठेवू का."

आईनं पदरानं तोंड पुसलं, त्या बाजूनं तिची लाळ येते. मग सावकाश, शब्द जुळवत सांगितलं, सुकलेली तूर राबातच जायची असते. आमच्या सासूनं सांगितलेलं. गाईच्या पायाखाली नाही टाकायची, उकिरड्यात नाही, जाळायची. आणि ज्या बांधावर मर आली त्या बांधावर तीन पावसाळे तीळ लावायचे, तूर नाही.

मी रडायला लागले. म्हटलं, आई, तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले होते.

"बाय," ती म्हणाली, "माझी वाचा गेली होती. अक्कल नाही."

ह्यांनी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं ती बाजूला सारली.

"शेंगा बाजारच्या होत्या. पाच दाण्यांच्या. मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? वर्षभर?

तिला माझा प्रश्नच समजला नाही असं वाटलं. मग म्हणाली, "बांध तुझा होता ना. तू विचारल्याशिवाय मी कसं तोंड घालू? मी आपली रोज विचारत होते, तूर कशी आहे."

मी खाली बसले, बांधाच्या मातीतच बसले. दोन हिवाळे ती रोज संध्याकाळी दार उघडून उभी होती, आणि मी रोज चपला काढता काढता ते लावून घेत होते.

त्या दिवशी तिनं खुर्चीतूनच सगळं करून घेतलं. उरलेल्या काटक्या मुळांसकट उपटून गोठ्यापासून लांब उघड्यावर रचल्या, वर सुका पेंढा टाकला. उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही म्हणाली. काकीनं पेटवलं. धूर सरळ गावाकडे गेला आणि दोन बायका बघायला आल्या, त्यांना आईनं स्वतःच सांगितलं, आमच्या तुरीला मर आलीय. उकिरड्यातलं खत बांधावर न टाकता खाचरात टाकायला सांगितलं. भाताच्या पाण्यात चार महिने बुडू दे, म्हणाली, मग बघू. माझी पावडर तिनं मागून घेतली, चिमूटभर नाकाशी नेली आणि मातीचा वास आहे म्हणाली. ती टाकून द्यायला सांगेल असं मला वाटलं होतं. पण तिनं काकीला या वर्षीचं शेण वेगळ्या खड्ड्यात साठवायला सांगितलं, ज्यात तुरीची काडीही जाणार नाही. तुझी बुरशी त्यात वाढव, म्हणाली. विटाळलेल्या अन्नात विरजण घालून काय होणार?

अकरा झाडांच्या शेंगा आम्ही कुणीच खाल्ल्या नाहीत. दाणे निवडले, राखेत घोळून मडक्यात गेले. या पावसाळ्यात ते काढून धुतले, पावडर चोळली, आणि नव्या बांधावर लावले. हा बांध आईनं निवडला, चुलतभावाच्या खाचरापलीकडचा, जिथं आमच्या आठवणीत तूर कधी नव्हती. विहिरीकडे आणि मधल्यावर तीळ आहेत. वाचेल की नाही, मला माहीत नाही. शेतकी खात्यातला तो माणूसही तीन वर्षांनी सांगतो म्हणाला. दिवाळी येते तशी मला अजून भीती वाटते. बसमध्ये मात्र आता बांधाच्या बाजूला बसते.

काल संध्याकाळी घरी आले. आई गॅलरीत होती.

"तूर कशी आहे?"

मी चप्पल तशीच पायात ठेवून तिच्याजवळ गेले, स्टूल ओढून बसले. म्हटलं, "आज एक गेलं, आई. कोपऱ्यातलं. एकाच बाजूची फांदी लोंबलीय. काय करू?"

ती खुर्चीत सावरून बसली आणि बोलायला लागली. जेवायची वेळ झाली तरी थांबली नाही.